तलफ आणि शपथ

ओढणारा : सिगारेट वाईट, हे मला पटवण्यात वेळ घालवू नकोस. पाकिटाच्या 85 टक्के भागावर रोगाचं चित्र आणि इशारा असतो, तो मी रोज बघतो. रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1951 पासून ब्रिटनमधल्या डॉक्टरांची पन्नास वर्षं नोंद ठेवली आणि 2004 मध्ये निष्कर्ष मांडला, तोही मला ठाऊक आहे. आयुष्यभर ओढणारा सरासरी 10 वर्षं आधी जातो. तिशीत सोडली तर ती 10 वर्षं जवळजवळ सगळी वाचतात, चाळिशीत सोडली तर 9, पन्नाशीत 6, साठीत 3. एवढं पाठ असूनही सकाळी अकरा वाजता मी टपरीवर उभा असतो. म्हणून मला विचारायचं आहे ते त्या अकरा वाजताबद्दल. त्या वेळी माझ्यासमोर सत्तरावं वर्ष नसतं. अर्धवट काम असतं, डोकं जड झालेलं असतं, हात खिसा चाचपत असतो. फायदा मिळणार आयुष्याच्या शेवटी आणि किंमत मोजायची आत्ता. ज्यांना हे साधलं ते आपलं नशीब इतरांना उपदेश म्हणून वाटत फिरतात, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

सोडलेला : मग वर्षांचा हिशेब बाजूला ठेवू आणि अकरा वाजताचंच बोलू. धुरातलं निकोटिन मेंदूत पोचायला 10 ते 20 सेकंद लागतात, आणि रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण 2 तासांत निम्म्यावर येतं. तू नऊला घराबाहेर पडताना एक ओढतोस. अकराला डोकं जड होतं, एकच ओळ दोनदा वाचावी लागते, शेजारच्याचं बोलणं टोचायला लागतं. हे कामाच्या ताणामुळे होतंय असं तुला वाटतं. त्यातला बराचसा भाग निकोटिन उतरल्याचा असतो. खाली जाऊन ओढलीस की बरं वाटतं आणि सिगारेटने ताण घालवला याची तुला खात्री पटते. तिने घालवलेला ताण तिनेच आणलेला असतो. 2014 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 26 अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. किमान सहा आठवडे सोडून राहिलेल्यांची चिंता, उदासी आणि ताण ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झालेले दिसले. म्हणजे फायदा सत्तराव्या वर्षापर्यंत थांबत नाही, दीड-दोन महिन्यांत दिसू लागतो. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात अवघड. तीन-चार आठवड्यांत शरीराची कुरकुर बरीचशी निवते. आणि कुठलीही एक तलफ काही मिनिटांच्या वर टिकत नाही.

ओढणारा : काही मिनिटांची तलफ, हे वाक्य मी पुष्कळांकडून ऐकलंय. ती काही मिनिटं दिवसातून किती वेळा येतात, हे कोणी सांगत नाही. बाकीचंही कोणी नीट सांगत नाही. सकाळी चहा आणि सिगारेट झाल्याशिवाय पोट साफ न होणारे हजारो लोक आहेत. सोडल्यावर त्यांचं पोट खरोखरच आठवडेच्या आठवडे तक्रार करतं. झोप मोडते, तोंड येतं, पोरांवर उगाच खेकसणं होतं. वर्षभरात वजन सरासरी 4-5 किलोंनी वाढतं. निकोटिनचं चिंगमही मी घेऊन पाहिलं. तोंड झोंबलं, उचक्या लागल्या, छातीत जळजळलं आणि तलफ होती तिथेच राहिली. कोणाचीही मदत न घेता सोडू पाहणाऱ्या 100 जणांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकतात ते 3 ते 5. या आकड्याकडे पाहून मी म्हणतो की सोडणं शक्य असेल, पण ते कोणालाही जमेल असं सांगणं बरोबर नाही.

सोडलेला : तो आकडा खरा आहे, आणि तो कोणाचीही मदत न घेणाऱ्यांचा आहे. चिंगमचं म्हणशील तर तू ते चिंगमसारखं चघळलंस. बहुतेकांचं हेच होतं. ते तीस सेकंदभर सावकाश चावायचं, मिरी चावल्यासारखी झणझण जाणवली की थांबायचं आणि गाल व हिरडी यांच्या मध्ये ठेवून द्यायचं. झणझण ओसरली की पुन्हा दोन-चारदा चावायचं, पुन्हा ठेवायचं, दुसऱ्या बाजूला. असा अर्धा तास. त्यातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जायला हवं. लाळेबरोबर गिळलंस तर ते पोटात जातं, मग उचक्या आणि जळजळ. आधीची पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा-कॉफी नको, कारण तोंड आंबट झालं की ते शोषलं जात नाही. आपण नेमकं चहानंतर लगेच तोंडात टाकतो. नीट वापरलं तर सोडण्यात यश मिळण्याची शक्यता अशा उपायांनी साधारण निम्म्याने वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये त्याचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. पोट, झोप, चिडचिड यांची तक्रार मी नाकारत नाही. ती आधीच सांगितली पाहिजे, यावर मी तुझ्याच बाजूचा आहे. आठव्या दिवशी पोट बिघडलं की माणसाला वाटतं, सिगारेटच माझ्या प्रकृतीला मानवत होती.

ओढणारा : शक्यता निम्म्याने वाढते म्हणजे 100 तले 4 असतील तर 6 होतात. उरलेल्यांचं काय? मला तर मूळ निदानच चुकतंय असं वाटतं. मी विरारहून चर्चगेटला लोकलने येतो. दीड तासाच्या आसपास गाडीत असतो. त्या वेळात निकोटिन उतरतच असणार, पण गाडीत मला सिगारेटची आठवणही होत नाही. मरीन लाइन्स गेलं की बोटं वळवळायला लागतात, आणि चर्चगेटच्या फलाटावर पाय पडला की तलफ छातीवर बसते. दोन मिनिटांपूर्वी ती कुठे होती? रक्तातलं निकोटिन दोन मिनिटांत असं काय कमी झालं? तलफ रसायनाची असती तर बोरिवलीपेक्षा दादरला जास्त लागली असती. ती मनाची आहे. आणि मनाच्या गोष्टीला गालात ठेवायचं औषध कसं पुरणार?

सोडलेला : तू जे सांगतोयस त्यावर इस्रायलमध्ये नेमका अभ्यास झालाय. रूवेन दार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानातल्या कर्मचाऱ्यांना, म्हणजे ओढणाऱ्या कर्मचाऱ्यांना, उड्डाण चालू असताना ठरावीक वेळी तलफ किती आहे ते विचारलं. काही उड्डाणं 3 ते साडेपाच तासांची, काही 8 ते 13 तासांची. सगळं गणित रसायनाचंच असतं तर लांबच्या प्रवासात तलफ तासागणिक चढत गेली असती. पण जवळच्या उड्डाणात उतरायच्या वेळी जेवढी तलफ होती, त्यापेक्षा तेवढ्याच तासांनंतर लांबच्या उड्डाणात ती कितीतरी कमी होती. तिथेही ती वाढली ती विमान उतरायला आल्यावर. 2010 चा हा अभ्यास. त्याआधी 2005 मध्ये त्यांनीच धार्मिक ज्यू ओढणाऱ्यांना शब्बाथबद्दल विचारलं होतं. त्या दिवशी ते विस्तव पेटवत नाहीत, म्हणून ओढत नाहीत. एरवी ज्यांना सिगारेटशिवाय काही तासही काढता येत नसत, त्यांना तो अख्खा दिवस फारसा जड गेला नव्हता. आपल्याकडे रोजा ठेवणाऱ्याला विचार. दुपारी तो कामात असतो, इफ्तारची वेळ जवळ आली की घड्याळ बघायला लागतो. यावरून मी एक गोष्ट शिकलो. तलफ शेवटची सिगारेट कधी ओढली ते फारसं मोजत नाही, पुढची कधी मिळणार ते मोजते. जिथे मुभा नाही तिथे ती मान वर काढत नाही. लोकलमध्ये तुला मुभा नाही म्हणून तू शांत असतोस. तेव्हा काम एकच आहे, मुभा काढून घ्यायची. ‘बघू’, ‘प्रयत्न करतो’, ‘आज जमलं तर’ या शब्दांत मुभा शिल्लक असते, म्हणून त्या शब्दांत सोडणाऱ्याला तलफ सर्वांत जास्त छळते.

ओढणारा : अभ्यास मला पटतो, पण तुझा निष्कर्ष पटत नाही. शब्बाथ शनिवारी रात्री संपतो. रोजा सूर्यास्ताला सुटतो. श्रावण पाळणारा आषाढी अमावास्येला भरपूर खाऊन-पिऊन घेतो आणि मग निर्धास्तपणे महिना काढतो. गाडी चर्चगेटला पोचणार हे मला माहीत असतं. यातली प्रत्येक मनाई सुसह्य आहे ती तिला शेवट आहे म्हणून. ज्या मनाईला शेवटच नाही, तिथे मन असंच शांत बसेल हे तू कशावरून म्हणतोस? दुसरं म्हणजे या मनाया माणसाने स्वतःवर एकट्याने घातलेल्या नाहीत. मागे धर्म आहे, घर आहे, गल्ली आहे. माळ घालणाऱ्याचं मटण आणि दारू सुटते, कारण त्याने ओढून घेतलेली रेषा सगळं गाव ओळखतं. पण माळ गळ्यात आणि तंबाखूची चंची खिशात असे माळकरी मी पाहिलेत. त्यांचा निश्चय तोच होता. तंबाखूपाशी कोणी रेषा ओढली नव्हती, म्हणून निश्चय तिथे पोचला नाही. माझ्यासाठी रेषा कोण ओढणार? सरकार? 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी आहे, 200 रुपये दंड आहे. सप्टेंबर 2020 मध्ये महाराष्ट्राने सुटी सिगारेट आणि बिडी विकायला मनाई केली. टपरीवर मी आजही एकच सिगारेट मागतो आणि एकच मिळते.

सोडलेला : रेषेमागे माणसं लागतात, हे तुझं बरोबर आहे. म्हणून मी ती माणसांकडून उसनी घेतली. घरी सांगितलं, ऑफिसात सांगितलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टपरीवाल्याला सांगितलं. चहा तिथेच पीत होतो, जागा बदलणं शक्य नव्हतं. त्याला म्हटलं, मी मागितली तरी मला द्यायची नाही. नुकसान त्याचं होतं, तरी तो ‘बरं’ म्हणाला. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मला येताना बघून त्याचा हात सवयीने बरणीशेजारच्या पाकिटाकडे गेला, तिथे थांबला आणि चहाच्या किटलीकडे वळला. मी त्या दिवशी मागणार होतो. त्याचा हात थांबलेला बघितल्यावर मागता आली नाही. शेवट नसलेली मनाई मन सोसेल का, हा तुझा प्रश्न मोठा आहे. माझा अनुभव असा की पहिले काही आठवडे ‘कायमची’ या शब्दाचा धाक वाटतो. पुढे मन तो प्रश्न विचारायचंच सोडून देतं, कारण उत्तर बदलत नाही असं त्याच्या लक्षात येतं.

ओढणारा : मग मी मधला मार्ग का धरू नये? दिवसाला तीन. जेवणानंतर दोन आणि संध्याकाळी एक. मनाईही आहे, शेवटही आहे, शब्बाथसारखीच.

सोडलेला : दोन कारणांनी नको. पहिलं शरीराचं. सिगारेटी कमी केल्या की माणूस नकळत झुरके खोल घेतो, धूर जास्त वेळ आत धरतो, थोटूक बोटाला चटका बसेपर्यंत ओढतो. शिवाय हृदयाचा धोका आकड्याच्या प्रमाणात उतरत नाही. 2018 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या आढाव्यानुसार दिवसाला 20 ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्याचा जवळजवळ निम्मा दिवसाला एकच ओढणाऱ्यालाही असतो. दुसरं कारण तू स्वतःच सांगितलंस. तीन ठरवल्यास म्हणजे दिवसातून तीन चर्चगेट ठरवलीस. प्रत्येकाच्या आधी मरीन लाइन्स आहेच. दिवसभर तू पुढच्या सिगारेटची वाट पाहत राहशील. काही जण यातून हळूहळू शून्यावर येतात, ते मी मानतो. पण त्यांनी शून्याची तारीख आधी ठरवलेली असते.

ओढणारा : ठीक, तीनचा हट्ट सोडतो. आता तुझ्या संपूर्ण मनाईतली अडचण ऐक, कारण माझं खरं दुखणं तिथे आहे. कायमची शपथ घेणारा माणूस एखाद्या दिवशी चुकतो. मित्राच्या वडिलांच्या अंत्ययात्रेहून परतताना कोणीतरी पाकीट पुढे करतं आणि तो एक घेतो. एका सिगारेटने शरीराचं फार काही बिघडत नाही. बिघडतं ते पुढे. ‘मोडलीच ना शपथ, मग आता काय’ असं म्हणून तो संध्याकाळपर्यंत पाकीट संपवतो आणि दुसऱ्या दिवसापासून जुन्या ठिकाणी उभा राहतो. ॲलन मार्लाट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हे व्यसनाच्या बाबतीत फार स्पष्ट मांडलंय. एकदा घसरणं आणि पूर्ण परत जाणं यांच्यामध्ये जे घडतं ते अपराधी भावनेमुळे घडतं. आणि शपथ जितकी कडक, तितकी ती भावना जड. शब्बाथ मोडला तर पुढच्या शुक्रवारी नवा शब्बाथ येतो. जन्मभराची शपथ एकदाच मोडता येते, कारण ती एकच असते. म्हणजे जी गोष्ट तलफ कमी करते, तीच घसरलेल्याला उठू देत नाही. तू मला कडक हो म्हणतोस. मी कडक झालो आणि पडलो, तर कशाच्या आधाराने उठू?

सोडलेला : इतका वेळ बोलून आपण इथे पोचलो ते बरं झालं. माझं आजवरचं उत्तर असं होतं की पुढे पाहताना सवलत नाही आणि मागे पाहताना माफी. एक ओढली तर ती एकच समजायची. उरलेलं पाकीट पाण्यात बुडवायचं, कोणाला तरी लगेच सांगायचं, आणि सोडल्याचे दिवस पुन्हा एकपासून मोजायचे नाहीत. दोनशे दिवसांत एक सिगारेट ओढलेल्या माणसाने दोनशे दिवस फुकट घालवलेले नाहीत.

ओढणारा : ऐकायला चांगलं आहे, पण ते माझ्या डोक्यात चालणार नाही. मागे माफी आहे हे मला आधीपासून माहीत असेल, तर अकरा वाजता मीच माझा वकील होईन. म्हणेन, एकाने काय होतंय, उद्या माफ आहेच. तुझी माफी त्या क्षणी माझी मुभा होईल. आणि मुभा दिसली की तलफ डोकं वर काढते, हे तूच सिद्ध केलंस. माफी माहीत असली तर शपथ ढिली पडते आणि माहीत नसली तर घसरण जीवघेणी होते. एकाच माणसाने शपथही घ्यायची आणि माफीही द्यायची, यात फट राहणारच.

सोडलेला : तू ‘एकाच माणसाने’ म्हणालास, त्यावर मी अडलो. कदाचित चूक तिथेच होत असेल. शपथ माझ्याकडे असावी आणि माफी दुसऱ्याकडे. मी स्वतःला माफ करायचा अधिकार ठेवला तर तो आगाऊ वापरणार. तो अधिकार टपरीवाल्याकडे, बायकोकडे, डॉक्टरकडे, समुपदेशकाकडे असेल तर मला आधी हिशेब मांडता येत नाही, आणि पडल्यावर मात्र कोणीतरी उभं करायला असतं. औषधाबरोबर कोणाशी तरी नियमित बोलणारे जास्त टिकतात, त्याचं एक कारण मला आता दिसतंय. पाकिटावर 1800-11-2356 हा क्रमांक छापलेला असतो. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये 2016 साली ही मोफत सेवा सुरू झाली. फोन उचलणाऱ्याला तुझी लाज वाटत नाही आणि तुला त्याच्यासमोर वकिली करता येत नाही.

ओढणारा : आणि ज्याला कोणाला सांगताच येत नाही त्याचं काय? 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ 3.8 टक्के होते, आणि तंबाखू खाणारे, मळणारे, मिश्री लावणारे 24.4 टक्के. आपण दोघं सिगारेटचं बोलतोय, पण घराघरात मिश्रीची डबी चुलीमागे लपवणारी बाई आहे. मिश्री सोडायची म्हटली तर आधी लावत होते हे कबूल करावं लागतं. रात्रपाळीचा वॉचमन आहे. त्याची बिडी तेंदूच्या पानाची, दोन मिनिटं ओढली नाही तर विझते, म्हणून तो रात्रभर ओढत राहतो, झोप आणि भूक दोन्ही मारतो. त्याच्यामागे रेषा ओळखणारं गाव नाही आणि माफी देणारं माणूसही नाही. सिगारेट सुटलेला अर्ध्या वाटेत तंबाखू-चुन्याकडे वळतो तोही यामुळेच. धूर दिसतो, त्याबद्दल लोक टोकतात. ओठाखालचा बार कोणाला दिसत नाही, म्हणून टोकायला कोणी नाही.

सोडलेला : त्यांच्यासाठी माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच म्हणेन की सोडवण्याचं काम ज्यांनी हाती घेतलंय, त्यांनी माणसाला धोका सांगण्यात घालवलेला वेळ त्याला एक माणूस मिळवून देण्यात घालवावा. आशा वर्कर, कारखान्यातला मुकादम, मशिदीतले इमाम, दिंडीचे चालक, कोणीही चालेल. चंचीपाशीही रेषा ओढता येते, ती ओढणारं कोणीतरी हवं.

ओढणारा : अशी रेषा ओढणाऱ्याच्या हातातही पुष्कळदा बिडी असते. आणि माझ्यापुरतं सांगायचं तर माझ्या घरचे मला नक्की माफ करणार, हे मला आत्ताच ठाऊक आहे. तुझाही मला अंदाज आहे. ज्याच्या माफीचा अंदाज येतो ती मुभाच झाली, मग ती दुसऱ्याच्या हातात असली तरी. तेव्हा मी उद्या सोडतो असं म्हणणार नाही. पण इतके दिवस मी विचारत होतो की माझ्यात निश्चय आहे का, आणि त्याचं उत्तर नाही असंच येत होतं. आता प्रश्न असा दिसतो की मला अडवायचा हक्क मी कोणाला देणार, आणि दिल्यावर तो परत मागणार नाही याची हमी कोण देणार.

सोडलेला : हमी कोणीच देऊ शकत नाही. हक्क मात्र आज देता येतो, आणि तो परत मागताना तुला समोरच्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवावा लागेल. ते तुला जमेल की नाही, हे आपल्या दोघांनाही आत्ता माहीत नाही.